अप्पांची दबणारी होडी

अप्पा अंगठ्याने जगाची परीक्षा घेत. आमच्या ओटीची भिंत, एसटीचा पत्रा, माझ्या होणाऱ्या जावयाचा खांदा, जे दिसेल त्यावर अंगठा रोवायचा आणि म्हणायचं, "दबतंय." बारा वर्षं मी त्यांचा शेजारी आहे. अंगठा कधी समाधानी झालेला पाहिला नव्हता.

अशा माणसाने मुंबईच्या एका साहेबाकडून फायबरग्लासची होडी आणली. बारा फुटी, शिडाची. आमच्या दिघी गावात तशी होडी कोणी पाहिली नव्हती. कारण एकच. पाऊस सुरू व्हायच्या आत बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, खाडीपलीकडे माहेरी न्यायचं होतं. वहिनींचे पाय गेलेले. एसटीचे हादरे पाठीला सोसत नव्हते आणि खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या गर्दीत आडवं होता येत नव्हतं.

पण लाट आली की होडीचा तळ अर्धा इंच आत यायचा. मी पट्टी धरून मोजला.

"ही श्वास घेते रे भाऊ," अप्पा म्हणाले. "हिच्यात तिला कशी निजवू?"

तळाला आतून बळकटी द्यायचं ठरलं. साहेबाने काचेचं कापड आणि चिकट रसायनाचे दोन डबे दिले होते. माझ्या वाडीत नुकतीच पडलेली सुपारीची पोफळ उभी चिरून अप्पांनी आठ पट्ट्या काढल्या, तळाला आडव्या बसवल्या आणि वरून रसायनात भिजवलेलं कापड चिकटवलं. तळ घट्ट झाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण कोळीवाड्यातला हिराजी तांडेल म्हणाला, नवी होडी तीन दिवस पाण्याने भरून ठेवायची असते, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. या होडीला फटच नाही, असं मी सांगून पाहिलं. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने बादली उचलली. चौथ्या दिवशी पोफळ फुगून आठातल्या सहा पट्ट्या सुटल्या होत्या.

"आमच्या होड्यांना असा होत न्हाय," हिराजी म्हणाला आणि जाळं विणायला निघून गेला.

मग सगळं खरवडून, वाळका बांबू चिरून पुन्हा पहिल्यापासून. त्या महिन्यात ती होडी आम्ही नऊ वेळा पाण्यातून वर काढली. माझी कंबर अजून बोलते. शेवटी अप्पांनी मलाच आत जाजमावर निजवलं, होडी लाटांवर नेली आणि माझ्या शेजारी अंगठा रोवला. तळ हलला नाही.

मला वाटलं, आता तरी हसतील. किनाऱ्याला लागल्यावर म्हणाले, "तुझा तोलायचा काटा आण. पन्नासेक किलो दगड लागतील. परतताना होडी तेवढी हलकी होते, वाऱ्याला कलंडायची."

"वहिनी असतील की परतताना."

अप्पा दोरी गुंडाळत राहिले. "ती राहील तिकडे. भावाकडे सुना आहेत, माणसं आहेत. मला आता तिला उचलवत नाही."

मी सुपारीचा काटा आणला. दगड शेहेचाळीस किलो भरले. आणखी एखादा बघायला मी उठलो.

"असू दे," अप्पा म्हणाले. "वाळलीय ती."