स्मशानातला हातपंप

पाड्याला बोअर मंजूर झाली आणि पाड्यावर अवकळा आली. तोवर पाणी कुणाच्याच दारात नव्हतं, म्हणून सगळी गोडीगुलाबी होती. गंजाड गावापलीकडचा हा खांबलपाडा उन्हाळ्यात ओढ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरायचा. म्हाताऱ्या बायजीचे गुडघे तर असे गेले होते, की एक हंडा आणायला तिची अर्धी सकाळ जाई आणि उरलेली अर्धी कण्हण्यात. सून संगीता उजाडताच चिकूच्या वाडीत मजुरीला जायची, तेव्हा हंडा म्हातारीच्याच डोक्यावर.

बोअर कुठे मारायची ते ठरवायला ग्रामसेवक अमृत भाऊसाहेब आले. माणूस कट्टर लोकशाहीवाला. "साहेबाने ठरवायचे दिवस गेले. ग्रामसभा म्हणजे पाड्याचं मंत्रालय! बोला, निर्णय तुमचा."

पाड्याची ठरवायची रीत मात्र निराळी होती. सगळ्यांनी बसायचं आणि एकेकाने "हां" म्हणायचं. एखादा गप्प राहिला तर समजायचं, त्याचं मन नाही. मग उठायचं आणि पुन्हा कधीतरी बसायचं. तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नसे, कारण सगळे एकमेकांचे सोयरे. ही रीत भाऊसाहेबांना कुणी सांगितली नाही आणि त्यांनीही विचारली नाही.

"काकड्याच्या दारात बोअर पाहिजे, त्यांनी हात वर करा."

काकड्या समोरच बसला होता. सगळे हात वर गेले.

"आता जानीच्या दारात पाहिजे ते?"

जानीही समोरच होती. पुन्हा सगळे हात वर. काकड्याचासुद्धा.

"अरे, एका माणसाला एकच मत!"

"ती माझी मावसबहीण हाय, भाऊसाहेब," काकड्या म्हणाला. "तिचे समोर हात खाली कसा ठेवू?"

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि गुप्त मतदान काढलं. एकेकाने शाळेच्या खोलीत येऊन त्यांच्या कानात जागा सांगायची. आता तोंडावर कुणीच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने मोकळ्या मनाने स्वतःचं दार सांगितलं. पाड्यात जितकी घरं, तितक्या जागा निघाल्या. एकट्या बायजीने दार सांगितलं नाही.

"कुठं पन खना," ती म्हणाली. "पन मी जिती हाय तवर खना."

मार्च सरत आला होता. निधी परत गेला तर भाऊसाहेबांना वर जाब द्यावा लागणार होता. त्यांनी नियम चाळले. जागेवर एकमत नसेल तर पंचायतीच्या जागेत बोअर घ्यावी, असं निघालं. पण पाड्याभोवती सगळं वनखात्याचं जंगल, आत लोकांची खाजगी शेतं. पंचायतीची म्हणावी अशी जागा एकच सापडली. बायजीच्या घरामागची स्मशानभूमी.

"तिथे बोअर घ्यायला कुणाची हरकत?" भाऊसाहेबांनी सभेला विचारलं.

सभा गप्प. पोरांना पाजणाऱ्या बायासुद्धा गप्प. इतका ठाम नकार पाड्याने आजवर कुणालाच दिला नव्हता.

"शाब्बास!" भाऊसाहेबांनी ठरावाची वही उघडली. "ठराव सर्वानुमते मंजूर!"

बोअरची गाडी आली. पाणी असं उसळलं, की गाडीवाल्यांनीच मोबाइल काढून फोटो घेतले. हातपंप बसला, सिमेंटचा चौथरा झाला, नारळ फुटला. पाणी खडीसाखरेसारखं गोड होतं म्हणतात. म्हणतात, कारण ते चाखलं फक्त गाडीवाल्यांनी आणि भाऊसाहेबांनी.

"मेलेल्यांचं पानी जित्यांनी प्यायाचं?" जानी म्हणाली आणि हंडा घेऊन ओढ्याकडे वळली. तिच्यामागून सगळा पाडा वळला. इतकी वर्षं पाणी मागून मागून शेवटी ते मिळालं, आणि ज्यांना तहानच लागत नाही त्यांना मिळालं. याला हसावं तरी कसं?

भर मे महिन्यात बायजी ओढ्याच्या उतारावर घसरून पडली. हाडं वाचली, पण उतरायची हिंमत गेली. दुसऱ्या दिवशी तिने हंडा घेतला आणि सरळ घरामागची वाट धरली. त्या दिवशी संगीताला सुट्टी होती. ती धावत मागे आली.

"आये, परत फिर! लोकां काय म्हनतील?"

"म्हनूं दे."

बायजीने पंपाचा दांडा दाबला. पाणी भसाभसा आलं आणि हंडा बघता बघता भरला. मग ती चौथऱ्यावर टेकली, ओंजळभर पाणी प्यायली आणि ओल्या हाताने तिने तोंड पुसलं.

"इथंच जाळला ना आपन तुझे सासऱ्याला?"

संगीताने मान डोलावली.

"रोज सांगे मला, बायजी, एक दिवस आपले दारात पानी आनीन." बायजी पंपाकडे बघत राहिली. "आनलं गं त्याने. पन सोताचेच दारात आनलं."