खुनी ऱ्हस्वच असतो

पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि वेलांटीमावशी अशा काही किंचाळल्या, की आत शिवणयंत्रावर बसलेली त्यांची नणंद हातातल्या कापडासकट बाहेर धावत आली.

"काय झालं वहिनी? डोळ्याला काही झालं का?"

"डोळे ठणठणीत आहेत. म्हणून तर दिसलं!" मावशींनी पुस्तक तिच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. कुणी मेल्यानं 'खूनी' लिहिलंय. दीर्घ!"

पानावर पेन्सिलीनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'खूनी : मोलकरीण'.

नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो वहिनी, दीर्घाचं काय घेऊन बसलात? खून कुणी केला तेच सांगून टाकलंय त्यानं! आता तीनशे पानं वाचून करायचंय काय?"

हे मावशींच्या लक्षात आलं, पण जरा उशिरा. तोपर्यंत अंबाड्यातली लाल पेन्सिल हातात आली होती, 'खू'खाली रेघ पडली होती आणि समासात ऱ्हस्व उकार उमटलाही होता. एकतीस वर्षं एका छापखान्यात त्यांनी प्रुफं तपासली होती. छापखाना बंद पडला, पेन्सिल मात्र बंद पडली नाही. दुकानाची पाटी असो की औषधाच्या बाटलीवरचं लेबल, चूक दिसली की मावशींचा हात अंबाड्याकडे जायचा. वेलांटीमावशी हे नाव त्यांना त्यामुळेच पडलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दवाखान्यात संमतीपत्र पुढे आलं, तेव्हा आधी त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि मग सही केली अशी ही बाई.

त्या ऑपरेशनमुळे तीन महिने वाचन बंद होतं. ते तीन महिने मावशींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. कारण त्यांचा जीव होता टपालबाईच्या कादंबऱ्यांत. एका चिमुकल्या गावातली ही पोस्टाची बाई. हातात घेतलेल्या पाकिटाच्या वजनावरून आतला कावा ओळखायची आणि मोठमोठ्या अधिकाऱ्यांना जमले नाहीत ते खून स्टुलावर बसून उलगडायची. गावाची वस्ती तीनशे आणि खून आजवर बेचाळीस, तरी गाव सोडून कुणी जात नसे. मावशींनी पहिली बावीस पुस्तकं दोन-दोनदा वाचली होती. ऑपरेशनच्या सुमारास वाचनालयात नवी वीस आली होती, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांतलं सगळ्यात नवं त्यांनी मोठ्या हौसेनं आणलं होतं.

आता त्या ते पुस्तक घेऊन तशाच चपला घालून वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल मुलीनं त्यांना बघताच मान खाली घातली.

"सगळ्याच नव्या पुस्तकांत आहे ते, मावशी. पहिल्याच पानावर. बायका पुस्तक उघडतात, नाव वाचतात आणि परत आणून टाकतात. आता तर कपाटाला कुणी हातही लावत नाही."

"तू अध्यक्षांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. ते म्हणाले, बरंच झालं."

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त फौजदार. निवडून येऊन त्यांना सहा महिने झाले होते. बायकांनी खून शोधणं हा त्यांना पोलीस खात्याचा अपमान वाटे. नवी पुस्तकं आली की ती आधी त्यांच्या घरी तपासणीला जात. "मी असलं काही वाचत नाही," ते छाती पुढे काढून सांगत. "नुसती पानं मोजतो आणि शिक्का मारतो."

मावशींनी कपाट उघडलं आणि उरलेली एकोणीस पुस्तकं टेबलावर मांडली. हेतू शुद्ध होता. अक्षर कुणाचं ते ताडून बघायचं, एवढंच. पण पहिल्या पुस्तकात 'खूनी : नर्स', दुसऱ्यात 'खूनी : धाकटी सून', तिसऱ्यात 'खूनी : शिवणकामवाली', आणि प्रत्येक ठिकाणी तो दीर्घ ऊ शेपूट हलवत बसलेला! मावशींनी दोन पुस्तकं कशीबशी सोडली. तिसऱ्याला हात अंबाड्याकडे गेला. मग सोडलेल्या दोघांवर अन्याय नको म्हणून त्यांचाही समाचार घेतला. एकोणिसाव्या पुस्तकात त्या समासात उकार काढत होत्या, तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला.

"रंगेहाथ!" फौजदारसाहेब म्हणाले.

मावशींनी हाताकडे बघितलं. बोटं खरोखरच लाल झाली होती.

"साहेब, पेन्सिलीचं मी लिहिलेलं नाही. मी फक्त शुद्ध केलंय."

"तीस वर्षांत हेच ऐकलं, बाई. चोर म्हणतो मी फक्त दार लोटलं." त्यांनी एकेक पुस्तक उघडून पाहिलं. "वीसच्या वीस पुस्तकं! सार्वजनिक मालमत्ता! गुन्हेगार पुन्हा घटनास्थळी येतोच."

"मी तीन महिने डोळ्याला पट्टी बांधून घरात होते."

"साथीदार असेल." हे म्हणताना त्यांची नजर लांबवर खिळली होती, आणि ते फार खूश दिसत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांच्या स्वहस्ते नोटीस लागली. रविवारी सकाळी दहा वाजता सभासदांची सभा. विषय पहिला, पुस्तकं विद्रूप केल्याबद्दल बाईंचं सभासदत्व रद्द करणं. विषय दुसरा, खूनी कादंबऱ्यांचं कपाट कायमचं बंद करणं. मावशी फळ्यासमोर उभ्या राहिल्या. 'खूनी' दीर्घ होतं. हात अंबाड्याकडे निघाला, तो नणंदेनं मनगटाला धरून खाली ओढला.

"वहिनी, हात आवरा!"

"अगं, तोच दीर्घ! ह्यांचंच काम आहे!"

"अर्ध्या दुनियेला तो उकार कळत नाही. एवढ्यावर कुणाला पकडता येतं होय?"

ते खरं होतं. घरी येऊन मावशी खाटेवर बसल्या. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शुद्ध केली, आणि एकाही पुस्तकावर त्यांचं नाव आलं नाही, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पण पुस्तकं नासवणारी म्हणून नाव यावं हे त्यांना सोसेना. आणि कपाट गेलं तर डोळे परत मिळवले कशासाठी, हाही प्रश्न होताच. त्यांना रडू येऊ लागलं. पण ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना रडायची मनाई होती, म्हणून त्यांनी रागावायचं ठरवलं.

"ते नको म्हणतात ना? मग मी वाचणारच," असं म्हणून त्यांनी बेचाळिसावी कादंबरी उचलली. खुनी माहीत असून वाचायची म्हणजे गार झालेलं जेवण, पण त्या हट्टानं वाचत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं प्रकरण संपलं आणि मावशी पुन्हा किंचाळल्या.

नणंद परत कापडासकट आली. "आता काय दीर्घ निघालं?"

"मोलकरणीनं खून केलाच नाही! न्यायाधीशानं केला!"

नणंदेनं पुस्तक ओढून घेऊन पहिलं पान उघडलं.

"मग पहिल्या पानावरचं?"

"चुकीचं! ऱ्हस्व-दीर्घ सोड, उत्तरच चुकीचं!"

मावशी लगोलग वाचनालयात गेल्या. कपाटाला कुलूप होतं. ग्रंथपाल मुलीनं सगळं ऐकून घेतलं, खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मी चहाला जातेय. मला परत यायला अर्धा तास लागतो. आणि किल्ली कुठं राहिली ते मला आठवत नाहीये."

अर्ध्या तासात एकोणीस पुस्तकं भाजीच्या पिशव्यांतून एकोणीस घरांत पोचली. नणंदेच्या शिलाईच्या गिऱ्हाईक बायका कामाला लागल्या. शनिवार संध्याकाळपर्यंत निकाल हातात आला. खुनी कुठे बँकेचा मॅनेजर होता, कुठे डॉक्टर, कुठे नगराध्यक्ष. पहिल्या पानांवर मात्र नर्स, सून, सावत्र आई, स्वयंपाकीण. विसातलं एकही बरोबर नव्हतं.

"हे कुणी आपली मजा घालवायला लिहिलेलंच नाही," मावशी म्हणाल्या. "हे अंदाज आहेत. कुणीतरी मनापासून वाचतंय, आणि दरवेळी एखाद्या गरीब बाईवर संशय घेऊन आपटतंय."

"असा माणूस कोण असेल हो वहिनी?" नणंदेनं विचारलं, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

रविवारी वाचनालयात बसायला जागा नव्हती. एरवी सभेला सात माणसं आणि एक पंखा असायचा. आज बायकांनी वर्तमानपत्रांची टेबलंसुद्धा भिंतीला सरकवली होती. फौजदारसाहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"प्रकरण साधं आहे," ते म्हणाले. "गुन्हा लाल पेन्सिलीनं झाला. लाल पेन्सिल बाईंच्या अंबाड्यात आहे. तपास संपला."

"मला बोलायचंय," मावशी उठल्या.

"माफी मागायची असेल तर बोला."

"माफी छापखान्यातसुद्धा मागितली नाही, कारण चूक माझी कधी नव्हतीच. पहिलं, ज्यानं हे लिहिलं तो खुनी दीर्घ लिहितो. मी मेले तरी लिहिणार नाही. खून कितीही दीर्घ असला, तरी खुनी ऱ्हस्वच असतो!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी टेबल आपटलं. "इथे व्याकरणाचा तास नाही!"

"बरं, व्याकरण राहू द्या. दुसरं सांगते. ज्यानं लिहिलं त्याला खुनी सापडलेलाच नाही. हे बेचाळिसावं पुस्तक घ्या. ह्यात खून मोलकरणीनं केलेलाच नाही."

"काय सांगता!" फौजदारसाहेब खुर्चीतून उठले. "रक्ताची कात्री तिच्या टोपलीत सापडली की! पान एकशे बारा!"

पंखा गरगरत राहिला.

"साहेब," मावशी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तर नुसती पानं मोजता ना?"

"मोजताना... नजर पडली."

"एकशे बाराव्या पानावर?"

"मोजत मोजत तिथपर्यंत जावंच लागतं!" साहेब घाम पुसत म्हणाले. मग त्यांच्यानं राहवेना. "पण मग केला कुणी? कात्री तिच्याकडे होती, भांडण तिचं झालं होतं, रात्री ती बाहेर गेली होती..."

"तुम्ही शेवटचं प्रकरण वाचलंच नाही?"

"कशाला वाचायचं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "एकदा संशयित सापडला की तपास बंद. नाव लिहायचं, शिक्का मारायचा, पुढची फाईल. तीस वर्षं असंच केलं."

मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. आतापर्यंत मजेत बसलेल्या बायकाही गंभीर झाल्या. मावशींचं हसू गेलं.

"मग तुमच्या त्या तीस वर्षांतल्या मोलकरणी नि नर्सा कुठे असतील, साहेब?" त्यांनी विचारलं. "टपालबाईच्या विसांत वीस चुकलात. माझं धरून एकवीस."

साहेब खाली बसले. बराच वेळ ते शिक्क्याच्या डबीचं झाकण उघडझाप करत राहिले. मग हळूच म्हणाले, "निदान बेचाळिसाव्यात कोण होतं तेवढं तरी सांगा."

"सांगणार नाही," मावशी म्हणाल्या.

"सांगणार नाही!" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

मग सभेनं ठराव केले. कपाट उघडं राहील. अध्यक्षांनी वीसच्या वीस पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचावीत आणि आपले अंदाज स्वतःच्या हातानं, खोडरबरनं पुसावेत. नवी पुस्तकं आधी बायकांकडे येतील, मग त्यांच्याकडे. आणि बाईंवरचा आरोप मागे घेतल्याचं अध्यक्षांनी तिथल्या तिथे इतिवृत्ताच्या वहीत लिहून द्यावं. 'बेचाळिसावं पुस्तक मला आधी मिळेल का,' एवढंच साहेबांनी विचारलं.

त्यांनी वही पुढे ओढली, जिभेचं टोक दातात धरून एक ओळ लिहिली, सही केली आणि वही मावशींकडे सरकवली. मावशींनी चष्मा चढवला. ओळ होती, 'बाई निर्दोश आहेत.'

नणंदेनं ते बघितलं आणि घाईघाईनं वहिनींचं मनगट धरलं. "वहिनी, वाचनालयाची वही आहे. ह्याच्यावरूनच सगळं रामायण झालंय. जाऊ द्या आता."

"सोड हात," मावशी म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांदेखत, अध्यक्षांच्या डोळ्यांत बघत, अंबाड्यातली लाल पेन्सिल काढली. 'श' खोडला, समासात मोठा 'ष' लिहिला आणि शेजारी स्वतःची सही ठोकली.

"ह्या शब्दातच दोष ठेवून मला घरी पाठवत होतात," त्या म्हणाल्या, "आता सुटले."