हेमलताबाईसाहेबांच्या मापाचें यंत्र आणविल्याची बखर

श्रीगणरायास, वाग्देवीस आणि घरच्या पायमशीनीस नमन करून वर्तमान लिहितों ऐसें जे, शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष शुद्ध पंचमी, मंदवारीं एका अनाम राज्यांत मोठी मसलत उभी राहिली. राज्याचा विस्तार तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि मुदपाकखाना; उत्तरेस जिना, दक्षिणेस गॅलरी, पूर्वेस गोगटे यांचा मुलूख. गादीवर भालचंद्रपंत, नगरपालिकेच्या पाणीखात्यांत मीटर वाचण्याची चाकरी करून निवृत्त जाहलेले. परंतु राज्य चालवीत असत त्यांच्या पत्नी हेमलताबाईसाहेब, आणि हें पंतांसही ठाऊक होतें. बाईसाहेबांनीं चाळीस वर्षें शिवणवर्ग चालविला, गावच्या शेंकडों मुलींस कातर धरावयास शिकविलें आणि आपली सारी विद्या नऊ वह्यांत बासष्ट पाठ करून लिहून ठेविली. मग नेत्रवैद्यांनीं सांगितलें कीं, डोळ्यांच्या पडद्यांस मधोमध झीज लागली आहे, कडेचें दिसत राहील, समोरचें वर्ष दीड वर्षांत जाईल. बाईसाहेबांनीं घरीं येऊन चहा केला, पंतांस आणि कन्येस दिला आणि म्हणाल्या, "वह्यांचं पुस्तक करायचं राहिलंय माझं." इतकेंच बोलल्या. पंतांच्या हातचा चहा तैसाच निवाला.

आतां वह्यांतील खुणा बाईसाहेबांवांचून कोणास लागत ना, आणि कागदावरील अक्षर बाईसाहेबांस दिसे ना. सबब अक्षर थोर करून दाविणारें यंत्र, म्हणजे संगणक, आणावें, वह्यांचीं पानें फोनवर टिपून त्यांत थोर करून पाहावीं आणि त्यावरच बाईसाहेबांनीं स्वहस्तें पुस्तक लिहावें, ऐसा निश्चय जाहला. खजिन्यांत पस्तीस हजार रुपये, वर कवडी नाहीं. जागा म्हणाल तर खिडकी आणि कपाट यांमधील कोनाडा, आणि तेथें पायमशीन ठाण मांडून बसलेली. तीस हलवा म्हणण्याची छाती त्या राज्यांत कोणाची नव्हती. म्हणोन यंत्र छोटें, डब्याएवढें असावें, हेंही ठरलें.

पंतांची स्वारी प्रथम गोगटे यांचे मुलखीं गेली. गोगटे चार महिन्यांमागें नवें यंत्र घेऊन जाणते जाहले होते. ते म्हणाले, "पंत, घ्यायचं तर एकदाच दणदणीत घ्या. आठ कोरचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, वर ग्राफिक्स कार्ड. मागाहून हळहळ नको." पंतांस कोर म्हणजे काय हें कळलें नाहीं, परंतु बाईसाहेबांसाठीं आणावयाचें तें थोरांतलें थोर असावें इतकें कळलें, आणि ते छाती काढून परतले. मग कन्या शलाका, कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकविणारी, तिणें समजाविलें कीं, "बाबा, प्रोसेसर म्हणजे काम करणारा. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातलं टेबल. एसएसडी म्हणजे कपाट. आईला एका वेळी एकच पाठ लिहायचाय, तिला आठ हातांचा कारागीर कशाला?" पंत म्हणाले, "असूदे. आईला काही कमी पडायला नको." आणि त्यांनीं बाईसाहेबांसही दिसावी ऐशा थोर अक्षरांत याद लिहविली.

त्या राज्याची चाल ऐसी कीं, कांहींही खरेदी करणें तरी तिची याद मुदपाकखान्याच्या दारावर आठ दिवस टांगावी, आणि घरच्या प्रत्येकानें आपणांस न लगे ती एक ओळ काटावी. कोणीं काटली, कां काटली, हें कोणीं पुसूं नये, आणि काटली ओळ परत आणूं नये. मिक्सर, शीतकपाट, दिवाणखान्याचे पडदे, सारें याच न्यायें आलें होतें आणि कधीं तंटा जाहला नव्हता. यादेप्रमाणें खर्च चौपन्न हजारांवर गेला होता, तेव्हां काटणें प्राप्तच होतें. शलाकेनें पहिल्याच दिवशीं ग्राफिक्स कार्ड काटलें. पंतांनीं आपल्या नाट्यगीतांसाठीं हळूच दोन स्पीकर घुसडले होते, ते त्यांनीं तिसऱ्या दिवशीं उसासा टाकून आपणच काटले. आणि सातव्या दिवशीं सकाळीं पंत दूध तापवावयास गेले तों पडद्याची, म्हणजे मॉनिटरची, ओळ काटलेली आणि कडेस लिहिलेलें कीं, हॉलचा जुना टीव्ही जोडावा. हिशेब बरोबर पस्तीसांत बसला. प्रतापी सेनापती घरीं येणार, परंतु त्यास तोंड नाहीं, ऐसा प्रकार जाहला. जुन्या टीव्हीवर तर बातम्यांचीं अक्षरें पंतांसही धड दिसत नसत.

पुसावयाचें नाहीं ही चाल. परंतु ती रेघ पेनाची नव्हती, निळ्या खडूची होती, बाईसाहेब कापडावर ओढीत त्याच खडूची. पंत दारापाशीं उभे राहिले आणि दूध उतूं गेलें. चाळीस वर्षें लोकांचे मीटर वाचले, ही एक रेघ त्यांस वाचवेना. त्यांस कळलें कीं, डोळे जाणारच, मग त्यांवर पैका कां घालावा, ऐसें बाईसाहेबांच्या मनानें घेतलें आहे. पंतांस त्यांचा राग आला, आणि त्याहून अधिक आपला आला.

मग दुपारीं, बाईसाहेब खिडकीशीं बसल्या असतां, पंत कातर आणि मापें काढावयाचा खाकी कागद घेऊन बसले आणि अक्षरें कापूं लागले. एक बोट उंच, दीड बोट, दोन बोटें. कापून उभे राहिले, बाईसाहेबांच्या गळ्यांतील टेप काढून घेतली आणि म्हणाले, "चाळीस वर्षं माझी मापं काढलीस. आज मी काढणार. सरळ बैस." आणि दोन हातांवर जाऊन एकेक अक्षर धरूं लागले. बाईसाहेब म्हणाल्या, "क." पुढलेंही "क." त्यापुढलेंही "क." पंत हरखले कीं बारीकांतलें बारीकही दिसतें. बाईसाहेब हंसल्या. "अहो, सगळेच क कापलेत! आंधळीसुद्धा पास होईल." आणि तो शब्द तोंडून गेला तशा कागदाचे कपटे चाचपून गोळा करूं लागल्या. मग पंतांनीं खालीं बसून निरनिराळीं अक्षरें कापलीं, आणि पुनः धरलीं. एका बोटाच्या भ ला बाईसाहेब म म्हणाल्या, ब ला व म्हणाल्या. दोन बोटांचीं अक्षरें मात्र चुकल्या नाहींत. पंतांनीं नाकापासून कागदापर्यंत टेप धरून आंकडा वहींत टिपला.

आणि म्हणाले, "तुझ्या वर्गात माप न घेता कापड कापलं तर काय करायचीस?"

"कापड बाजूला ठेवून परत बसवायचे पोरीला."

"मग ही यादी माप न घेता केलेली आहे. मी केली. बाद."

बाईसाहेबांनीं खिडकीकडे पाहिलें. म्हणाल्या, "कशाला हो? आज दोन बोटं दिसतंय. वर्षानं तेही नाही दिसायचं. एवढा मोठा पडदा घेऊन भिंतीला शोभा?"

"शिवणीत दोन बोटं दाब सोडावा, आत मुडपून ठेवावा, पुढे उसवून सैल करता येतो. कुणी शिकवलं हे?"

"ते वाढत्या अंगाला. हे घटतंय."

"तू घट. अक्षरं वाढतील. अक्षरांना दाब सोडू."

बाईसाहेबांनीं पदर डोळ्यांस लावला आणि टेप परत मागितली. मग उठून स्वतः कोनाड्याचें माप घेतलें, तें एकोणतीस इंच भरलें, आणि बोटानें चाचपून पुनः घेतलें, कारण एकदां घेतलेल्या मापावर त्यांचा विश्वास नसे.

मग शलाकेनें नवी याद केली, ती मापावरून. पडदा बत्तीस इंची, रुंदीस अठ्ठावीस इंच, कोनाड्यांत मशीनीमागें बसून बोटभर उरे ऐसा. खजिन्याचा निम्मा ऐवज त्यासच. यंत्र छोटें, पडद्याच्या पाठीस टांगावयाचें, म्हणजे मशीनीच्या फळीवर वहीस जागा राहे. प्रोसेसर मध्यम, चार कोरचा. एसएसडी लहानसा, कारण नऊ वह्यांस कोठार लागत नाहीं. रॅम आठ जीबी, परंतु दुसरा खण रिकामा ठेविलेला, गरज पडल्यास पुढें भरावा. बाईसाहेब ऐकत होत्या, म्हणाल्या, "यालाही दाब सोडलाय म्हणायचा." याद दारावर टांगली आणि आठ दिवस कोणींही एक ओळ काटली नाहीं. गोगटे येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "चारच कोर?" पंत म्हणाले, "तिच्या मापाचं आहे." गोगटे आपल्या मुलखीं परतले.

मग यंत्र आलें, पाठीस टांगलें, आणि माघ मासीं बाईसाहेबांनीं पहिला पाठ लिहिला. चैत्रांत अक्षर दोन बोटें होतें, श्रावणांत चार, दसऱ्यास पडद्यावर एका वेळीं तीनच शब्द मावूं लागले, आणि बाईसाहेब तीन तीन शब्द करून पुढें जात राहिल्या. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षांत बासष्टावा पाठ, पुरुषांचा सदरा, संपला तेव्हां एक अक्षर तळहाताएवढें जाहलें होतें. पंत छापण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून दावीत होते. नमुन्याच्या मापापाशीं अडले. "छाती छत्तीस, कमर तीस, बाही साडेतेवीस. हे कुणाचं माप धरलंस?"

"तुमचं. लग्नानंतरचा पहिला सदरा."

"अगं, कमर आता चाळीस आहे."

"असेल," बाईसाहेब पंतांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाल्या. "मला आता तीसच दिसते."

तात्पर्य इतकेंच जे, यंत्र घेतां तें किती थोर हें मागाहून पुसावें, समोर कोण बसणार तें आधीं मापावें. येणेंप्रमाणें पुस्तक छापून मुलींच्या हातीं गेलें. एका शिष्येनें कळविलें कीं, बासष्टाव्या पाठाचा सदरा तिच्या तरण्या भावास अगदीं बेतशीर बसला. पंतांनीं तें पत्र दोनदां वाचून दाविलें, आणि कमरेचा आंकडा शेवटपर्यंत दुरुस्त केला नाहीं.