विजेत्याला माइक दुरुस्त करायला लावला!

आत्माराम आप्पा पाटील यांच्यावर अन्याय झाला. केव्हा? गेल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. कुठे? आमच्या सिल्वासाच्या गोल्फ मैदानावर, भर मांडवात. तीन दिवसांची व्यावसायिक स्पर्धा जिंकून, बाहेरगावच्या भल्याभल्या प्रो लोकांना मागे टाकून आप्पा कपाची वाट पाहत उभे होते. तेवढ्यात आयोजकांपैकी एक जाडे गृहस्थ त्यांना म्हणाले, "आप्पा, माइक जुओ ने जरा. बंद थई गयुं."

आणि आप्पा गेले! खिशातून टेस्टर काढला आणि टेबलाखाली शिरले. पाच मिनिटांनी माइक खरखरला आणि त्यातून पहिलं वाक्य आलं, "आजचे विजेते कुठे आहेत? त्यांनी मंचावर यावं."

"आलो, आलो," टेबलाखालून आवाज. "एक स्क्रू राह्यलाय."

निषेधाचं पत्रक मी त्याच संध्याकाळी लिहिलं. आप्पांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पण ताई, माइक बंद होता ना?"

आता अशा माणसासाठी आंदोलन करायचं तरी कसं?

आप्पा माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. वय बावन्न. राखोलीच्या सूत कारखान्यात फिटर. सुट्टी सोमवारची, आणि सोमवारीच गोल्फ मैदान बंद असतं. गवत कापायचं मशीन मात्र सोमवारीच बिघडतं. ते दुरुस्त करण्याच्या बदल्यात आप्पांना रिकाम्या मैदानावर खेळायची मुभा आहे. अशी चौदा वर्षं झाली. बायको, सुमनकाकू, शिरपूरकडे गावी असतात. "सोमवारी गोल्फला असतो" हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की गोल्फ हे कारखान्यातलं एखादं डिपार्टमेंट असावं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. नवऱ्याला तिथून अजून बढती कशी मिळत नाही, एवढंच त्यांना कोडं.

आप्पांच्या काठ्या बघा. एकही विकत घेतलेली नाही. शॉट चुकला की साहेब लोक गुडघ्यावर काठी मोडतात आणि झुडपात भिरकावतात. आप्पा ती उचलून आणतात, नवा दांडा बसवतात आणि मोडणाऱ्याच्या खात्याचं नाव देतात. थोडक्यात, साहेबांचा राग गोळा करून केलेला हा संच आहे. लांब मारायची ती डिस्पॅच. वाळूतून काढायची ती मेंटेनन्स. आणि शेवटी बॉल हळूच ढकलायची ती एच.आर. "गोड बोलून खड्ड्यात घालते," आप्पा समजावतात. संबंधित साहेब शेजारी उभे असले तरी समजावतात.

बॉलशी बोलणं मात्र अहिराणीतून. "जाय व माय, घर जाय!" आणि बॉल जातो. मी शपथेवर सांगते, वळणं घेत जातो.

स्पर्धेत एक जागा स्थानिक हौशी खेळाडूसाठी होती. ज्यांना ती मिळाली होती त्या साहेबांची कंबर धरली, म्हणून यादी भरायला आप्पांचं नाव घातलं. शुक्रवारी लोक हसले. शनिवारी कुजबुजले. रविवारी शेवटच्या खड्ड्यापाशी एच.आर.ने आपलं काम केलं आणि आप्पा एका फटक्याने जिंकले! हौशी माणसाला कप मिळतो, चेक नाही. तो दुसऱ्या आलेल्याला जातो. तसा नियमच आहे, त्यावर माझं भांडण नाही. माझं भांडण माइकवर आहे.

कप चाळीत आला आणि एकच गोंधळ. कुणी त्यात पेढे ठेवले, कुणी आपलं बाळ बसवलं.

"आप्पा, प्रो झाल्यावर आम्हाला ओळखाल ना?"

"तुम्ही पाण्याची मोटर माझ्याकडूनच दुरुस्त करून घेणार. न ओळखून जाऊ कुठे?"

कारण प्रश्न तोच होता. प्रो व्हायचा फॉर्म आला होता. सही करून शनिवारपर्यंत द्यायचा. केली की हौशीपण संपलं, पुढे हाच धंदा. सोमवार गेला, बुधवार गेला, सही नाही. शुक्रवारी मी पेन घेऊन त्यांच्या दारात बसले. "आप्पा, घाबरता का? हक्क आहे तुमचा!"

आप्पांनी कपाळ खाजवलं. मग म्हणाले, "सही करतो ताई. पण एक सांग. बॉल चांगला गेला की बघायचं कुणाकडे?"

"म्हणजे?"

"त्या पोरांचं पाह्यलं मी. फटका लागला की मान वळते. दोरीपलीकडे कुणाचा बाप, कुणाची बायको. माझी बी वळली. सवय नाही, तरी वळली. तिकडे कोणी नव्हतं. मग मी गवताच्या मशीनला हात केला."

एवढं बोलून ते हसले. मला हसता आलं नाही. "माझ्याकडे बघा," मी म्हटलं.

"तू तर बोंबलते ना बाई. तिथं चूप राहावं लागतं. आणि एकटी असली की भाषण सुरू करते." त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. "दहा-पाच माणसं आण सोबत." आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवून, ठसठशीत, वेलांटीसकट सही केली.

प्रो म्हणून आप्पांची पहिली स्पर्धा पुढच्या महिन्यात, याच मैदानावर, पहिल्या शुक्रवारी सकाळी सात वाजता. दहा-पाच नाही, मला दोनशे माणसं पाहिजेत. राखोलीच्या रात्रपाळीवाल्यांनो, झोप नंतर काढा. दादऱ्याच्या मास्तरांनो, एक दिवस रजा टाका. खेरडीकरांनो, ट्रॅक्टर भरून या. गोल्फ कळत नाही हे कारण चालणार नाही. मलाही कळत नाही. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं आणि आप्पा मारेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. मग ते मान वळवतील. तेव्हा हात वर करा. दोन्ही.