एका गुणाची सूट

अधिकारी होण्यासाठी चाळीस गुण लागतात आणि रोवेना होल्ट्झला एकोणचाळीस मिळाले होते. ही परीक्षा जन्मात तीनदाच देता येते. रोवेनाने ती तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा एकोणचाळीसच मिळवले होते. अधिकाऱ्याच्या अंगी सातत्य असावं, असं माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ते मोजायची सोय मात्र नव्हती.

हुकलेला गुण दातेरी चाकांचा होता. तीन चाकं एकमेकांत अडकलेली, पहिलं उजवीकडे फिरवलं तर तिसरं कुठे फिरेल, असा प्रश्न. रोवेनाची नऊ वर्षं राखीव दलाच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. तिने समासात लिहिलं, की चाकं अशी बसवली तर एकही जागचं हलणार नाही. पर्याय दोनच होते, डावीकडे आणि उजवीकडे. दरवेळी तोच प्रश्न आला आणि दरवेळी तिने तेच लिहिलं.

हॅल्व्हर्सन गावातलं भरती कार्यालय पिझ्झाच्या दुकानाला लागून होतं. तिथल्या सार्जंट टटलने निकाल पाहिला आणि तोंड पाडलं.

"एक गुण कमी पडणं सगळ्यात वाईट," तो म्हणाला. "दहा कमी असते तर विशेष बाब झाली असती. त्याला एका पानाचा अर्ज आहे. एकच कमी असला की सूट देणारं मंडळ विचारतं, बाई, एवढा एक का नाही मिळवलास?"

हेच विचारणारा अर्ज बावीस पानांचा होता.

रोवेनाला घाई होती ती वडिलांमुळे. व्हर्लिन होल्ट्झ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचं हृदय, डॉक्टरांच्या शब्दांत, मुदतवाढीवर चाललं होतं. तीस वर्षं त्यांनी सैन्याच्या कोठारात सार्जंट म्हणून काढली होती. नव्या अधिकाऱ्याला पहिली सलामी कोणी द्यायची हे तो अधिकारी ठरवतो, आणि सलामी देणाऱ्याच्या हातावर चांदीचा डॉलर ठेवतो. तो डॉलर रोवेनाच्या जन्मापासून होल्ट्झांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीशेजारी पडून होता. ज्यांच्या हाती आपण जेवणाचा डबाही दिला नसता अशांना व्हर्लिन यांनी जन्मभर सलाम ठोकले होते. एक तरी मनापासून ठोकावा, एवढंच राहिलं होतं.

अर्जात गुण कमी पडण्याची मान्य कारणं तीन होती : आजारपण, नैसर्गिक आपत्ती आणि निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू. चौथा चौकोन 'इतर'चा होता, पण तो वापरायला वेगळी परवानगी लागत असे आणि ती कोण देतं हे टटलला माहीत नव्हतं. दातेरी चाकं कशातच बसत नव्हती. तेव्हा मुलीबरोबर आलेल्या व्हर्लिन यांनी घसा खाकरला.

"मी मरू का? म्हणजे जमत असेल तर."

"बाबा, गप्प बसा."

टटलने मात्र नियम काढून पाहिला. मग खेदाने मान हलवली. "मृत्यू परीक्षेच्या आधीचा लागतो, काका. तुम्हाला उशीर झाला."

म्हणून रोवेनाने पाच कर्नलांची शिफारसपत्रं जोडली. त्यातल्या तिघांना कुठे सही करायची ते तीच नेहमी दाखवत असे, याही वेळी दाखवलं. मंडळाने सगळी पत्रं परत पाठवली, कारण पूर्णविरामानंतर दोन रिकाम्या जागा सोडल्या होत्या आणि आता एकच सोडायची होती. तिने एक सोडली. तोवर पुन्हा दोन सोडायचं ठरलं होतं. उन्हाळा असाच गेला. पाचवा कर्नल मधल्या मधे निवृत्त झाला आणि सहावा शोधावा लागला.

ऑक्टोबरात निवृत्तिवेतन कार्यालयाचं पत्र आलं. आपण हयात आहात काय, असल्यास सही करून पाठवावे, अशी चौकशी ते दरवर्षी करत. व्हर्लिन यांनी ते पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. घरात कोणाला काही बोलले नाहीत. डिसेंबरात निवृत्तिवेतन बंद झालं. हयातीची सही आली नाही की माणूस मागच्या सहीच्या दुसऱ्या दिवशी वारला असं धरायचं, हा नियम त्यांना कोठारातल्या दिवसांपासून पाठ होता. मागची सही आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली होती. परीक्षा त्यानंतरच्या जूनमधली. आणि अशा मृत्यूची नोंद सगळ्या कार्यालयांना आपोआप कळत असे.

जानेवारीत सूट मंजूर झाली. सोबत मंडळाचं छापील सांत्वनपत्र होतं. रोवेनाने ते जेवणाच्या टेबलाशी उभ्याने मोठ्याने वाचलं. वडील ओव्हनमधून भांड्यासकट काढलेला बटाट्याचा हॉटडिश खात होते.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले.

"बाबा, हे काय करून बसलात?"

"एका पत्राला उत्तर दिलं नाही. अगं, तुझ्या मावशीने तर अकरा वर्षं दिलेलं नाही, तिला कोणी काही म्हणत नाही."

रोवेनाने मंडळाला फोन लावून विचारलं, की समजा मयत माणूस जिवंत निघाला तर? पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की मग कारण रद्द, कारणाबरोबर सूट रद्द आणि सूट गेली की हुद्दाही रद्द. आणि मग अगत्याने विचारलं, तसं काही होण्याची शक्यता आहे का?

रोवेनाने टेबलाकडे पाहिलं. वडील तिच्याकडे न बघता हॉटडिशची खरवड काढत होते.

"नाही," ती म्हणाली.

शपथविधी गावाबाहेरच्या तळावर होता. उणे वीस तापमान होतं. व्हर्लिन यांनी जुना गणवेश चढवला होता. तो पोटावर येत नव्हता म्हणून वर कोट. फाटकावरच्या कॉर्पोरल मोसर या पोरीने त्यांचं कार्ड यंत्रावर टेकवलं. यंत्र लाल झालं.

"काका," ती संकोचून म्हणाली, "तुम्ही वारलाय."

"माहितीये. कार्यक्रमाला आलोय."

मोसरने नियमावली चाळली. मृतांच्या प्रवेशाची तरतूद नव्हती, पण मनाईही नव्हती. त्यांच्याकडे ओळखपत्र लागत होतं आणि ते चालू स्थितीतलं हवं होतं. मग तिला तोडगा सापडला. इथे एक सही केली की माणूस दोन मिनिटांत जिवंत होतो आणि तसं सगळ्या कार्यालयांना आपोआप कळतं. व्हर्लिन यांनी हात मागे घेतले. मेलेलं राहण्यात त्यांना म्हणे काही त्रास नव्हता.

शपथ झाल्यावर पहिली सलामी कोण देणार, असं विचारलं गेलं, तेव्हा लेफ्टनंट रोवेना होल्ट्झ मैदान सोडून चालत फाटकाशी आली. जाळीपलीकडे वडील उभे होते, नाक लाल झालेलं. तिने मोसरच्या हातातला तो हयातीचा कागद घेतला आणि जाळीतून त्यांच्यापुढे धरला.

"सही करा. मला नको तो हुद्दा."

"वेडी आहेस. मी जन्मभर ज्यांना सलाम ठोकले त्यांतले निम्मे माझ्यापेक्षा जास्त मेलेले होते. नीट उभी राहा."

ती नीट उभी राहिली. त्यांनी सलाम ठोकला, तिने घेतला, आणि मग जाळीतून चांदीचा डॉलर सरकवला. तो त्यांनी मुठीत धरला. दोघंही थंडीने डोळे पुसत होते.

तळावरून वस्तू बाहेर गेली की नोंद करावी लागते. मोसरने वही उघडली. वस्तू, एक नाणं. देणार, लेफ्टनंट होल्ट्झ. 'घेणार' या रकान्याशी ती अडली, तिथे मयताचं नाव चालत नव्हतं. मग तिने लिहिलं, समोर कोणी नाही. अशा नोंदीला चार साक्षीदार लागतात.

फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. मोसर वही घेऊन खिडकी खिडकीपाशी गेली. लोकांनी काच जेमतेम चार बोटं खाली केली. जाळीशी गणवेशातला एक म्हातारा हातातल्या नाण्यावर फुंकर घालताना सगळ्यांना स्वच्छ दिसत होता. पण सगळ्यांना उशीर झाला होता, आणि थंडी आत येत होती. चौघांनीही, न वाचता, समोर कोणी नाही याखाली सही केली.

त्यांतली तिसरी गाडी आपली होती, तुमची-माझी.