धाकट्याच्या गोळीचे फायदे

धाकट्याला फिट आली तेव्हा सगळ्यांत जास्त घाबरला तो थोरला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, फिट यायची थांबली आणि थोरल्याला हेवा वाटू लागला.

दोघे भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवत. डॉक्टरांनी धाकट्याला बजावलं होतं की शिडी चढायची नाही, गाडी चालवायची नाही, आणि गोळी चुकवायची नाही. म्हणून आता भर उन्हात शिडीवर थोरला आणि खाली स्टुलावर बसून "दादा, तो काना तिरका गेला" म्हणणारा धाकटा. गोळीने झोप येते म्हणून दुपारी तो आडवा झाला की आई पंखा वाढवी. तो कुणावर खेकसला तरी ती म्हणे, गोळीने चिडचिड होते, त्याचा काय दोष. थोरला जन्मभर गोळीशिवायच चिडचिड करत आला होता, त्याचं कुणाला काही नव्हतं.

एका सकाळी त्याने कपाळाला हात लावला. गरगरतंय म्हणाला, झोपही येतेय.

बायकोने निरखून पाहिलं. "भावोजींची गोळी तुम्ही तर नाही ना घेतलीत? टेबलावर काढून ठेवली होती."

तो नाहीच म्हणणार होता. पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून इतकं बरं वाटलं की म्हणाला, "असेलही बुवा."

लगेच पाठीशी उशी आली, पंखा वाढला. बायको डॉक्टरांना फोन लावू लागली. थोरल्याने सुखाने डोळे मिटले.

तेवढ्यात आई दचकली. थोरल्याने घेतली म्हणजे धाकट्याची चुकली! धाकट्याला विचारलं तर त्याला नक्की आठवेना, गोळीने तो जरा विसरभोळाही झाला होता. आई दुसरी गोळी आणि पाणी घेऊन आली. धाकट्याने तोंड उघडलं.

त्याने सकाळी गोळी गिळलेली थोरल्याने पाहिली होती, मनातल्या मनात जळफळत पाहिली होती. तो ताडकन उठला आणि आईचा हात धरला.

"देऊ नकोस. त्याने घेतलीय, मी पाहिलंय."

"मग तू कुठली घेतलीस?"

"कुठलीच नाही."

बायकोने फोन ठेवला आणि उशी काढून नेली.

तासाभराने थोरला शिडीवर होता. खालून धाकटा हळूच म्हणाला, "दादा, वरून रस्ता अजून तसाच दिसतो का रे, पार वळणापर्यंत?"

थोरल्याचा ब्रश थांबला. त्या आवाजातला हेवा त्याने लगेच ओळखला, रोजच्या ओळखीचाच होता तो.

"दिसतो," तो म्हणाला. "तुझी वहिनी चहा घेऊन येतेय. पण कप एकच आहे."

"तुझ्यावर चिडलीय," धाकटा म्हणाला. "अर्धा ठेवतो तुला. आधी तो काना सरळ कर."