साळूताईचं उद्यापन आणि क्वार्कांचा कायदा

एका जंगलात, बाळांनो, साळूताई नावाची साळींदर राहायची. अंगभर काटे, पण जिभेवर एकही नाही.

तिने सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. पंधरा सुरळीत पार पडले. आता सोळावा, म्हणजे उद्यापन. चुरम्याचे तीन भाग करायचे. एक देवाचा, एक पाहुण्याचा, एक घरचा. पाहुण्याचा भाग दिवस मावळायच्या आत पाहुण्याच्या पोटात गेला पाहिजे. नाहीतर सोळाच्या सोळा सोमवार वाया!

पण साळूताईकडे जेवायला येणार कोण? तिच्या शेजारी बसायचं म्हणजे पाठीची चाळणी.

"ये ना गं, नुसतं बोट लाव चुरम्याला," ती सशिणीला म्हणाली.

"आले असते हो ताई, पण मला एकच कातडं आहे!"

आदल्याच आठवड्यात जंगलातलं जाणतं घुबड, पिंगळेमास्तर, परतले होते. सात वर्षं ते कुठल्याशा प्रयोगशाळेच्या वळचणीला राहिले होते. सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, "प्रत्येक वस्तूच्या पोटात कण असतात. त्या कणांच्याही पोटात क्वार्क. प्रोटॉनमध्ये तीन. क्वार्क कधी एकटा सापडत नाही. ओढून वेगळा करायला जावं, तर त्या ओढाओढीच्या जोरातूनच नवे क्वार्क जन्मतात आणि त्याला येऊन चिकटतात!"

"म्हणजे हो काय?" म्हशीने विचारलं.

"म्हणजे तेच," मास्तर म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे शब्द सगळ्यांना आवडला. म्हैस रेडकाला 'माझ्या क्वार्का' म्हणू लागली. माकडं भांडताना 'तू क्वार्क, तुझा बाप क्वार्क' म्हणू लागली. बेडकाला खोकला झाला तर वैद्यबुवा म्हणाले, "क्वार्क वाढलेत. ताक बंद."

सिंहमहाराजांनी तर कायदाच केला. "विश्वात कुणी एकटं नाही, मग माझ्या राज्यात का? तिघातिघांनी वेलीने बांधून घ्या. एकटा दिसेल तो हद्दपार!"

सोळाव्या सोमवारी दुपारी तपासणी पथक साळूताईच्या दारात आलं. कोल्हा, अस्वल आणि तरस, एकाच वेलीने बांधलेले.

"साळूबाई, तुम्ही एकट्या आहात," कोल्हा म्हणाला. "सामान आवरा. दिवस मावळायच्या आत जंगलाबाहेर."

साळूताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगंबाई, पाहुणे आले! बसा हो भावजी, पाय धुवायला पाणी आणते."

ती लगबगीने वळली आणि तिचे काटे अस्वलाच्या केसांत रुतले.

"ओढ रे!" अस्वल ओरडलं. तरसाने ओढलं, तरस अडकला. कोल्ह्याने ओढलं, कोल्हा अडकला. सोडवायला तीन रानडुकरं आली, तीही अडकली. मग तीन ससे आले, त्यांत सशीण होतीच. दिवस कलता कलता अंगणात बेचाळीस जण गुंतले होते. महाराज स्वतः चौकशीला आले आणि त्यांची आयाळ गुंतली.

फांदीवर पिंगळेमास्तर नाचायला लागले. "ओढलं की वाढतात! खरंच वाढतात! माझा स्वतःचाच विश्वास नव्हता हो!"

"अडकलोच आहोत, तर विचारतो," अस्वल म्हणालं. "तो तुपाचा वास कसला?"

साळूताईने हात लांबवून ओसरीवरचा पाहुण्याचा भाग घेतला आणि एकेकाच्या तोंडात चिमूट चिमूट घातला. शेवटची चिमूट सशिणीला.

"एकच कातडं म्हणत होतीस ना गं?"

"भोकं पडलीच आहेत आता," सशीण म्हणाली. "आणखी आहे का?"

उरला घरचा भाग. तो हातात घेऊन साळूताईने आजूबाजूला पाहिलं. सगळे आ करून बसले होते. तिने तोही वाटला. डोंगरामागे दिवस मावळला.

"हद्दपारी रद्द," महाराज मिशा चाटत म्हणाले. "मात्र पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणी होईल. दुपारीच."

तात्पर्य: बाळांनो, एकटं कुणी दिसलं तर माया, शेजारधर्म असल्या बेभरवशाच्या गोष्टींवर विसंबू नये. न कळलेल्या शास्त्राचा कायदा करावा, दारात पथक पाठवावं, आणि ते जेवणाच्या वेळेला पाठवावं. बाकी देव बघून घेतो. तूप तेवढं घरचं असावं.